निळी कड

३ जून

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. कारखान्याची प्रयोगशाळा. पोलादाचा तुकडा कापायचा, सहा पॉलिश कागदांवर घासून आरसा करायचा, मग मायक्रोस्कोपखाली बघायचा. कॉलेजात पोलादाचे हे दाणे फक्त पुस्तकात पाहिले होते. आज मी घासलेल्या तुकड्यात दिसले. जेवायचं राहून गेलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "कापताना चाकावर पाणी सोडणाऱ्या पाइपकडे लक्ष ठेव. मुडपतो तो."

९ जून

आई म्हणाली, "इंजिनिअरिंगच शिकतेयस ना गं? हात तर तवा घासल्यासारखे."

भट्टीवर मामा असतात. अख्ख्या कारखान्याचे मामा. रंग बघून तापमान सांगतात. आज चार अंशांचा फरक निघाला. "मीटर दुरुस्त करून घ्या," म्हणाले.

हे त्यांना भट्टीवरच्या जुन्या वस्तादांनी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतून 'माल नरम' असा एक अहवाल आला आणि वस्तादांना भट्टीवरून काढलं. ते घरी बसले ते बसलेच.

१७ जून

गिऱ्हाइकाकडून तुटलेली पिन परत आली. मॅडमना जेवणाआधी अहवाल हवा होता. घाईघाईत कापली, घासली, कडकपणा मोजला — नरम. माल मामांच्या पाळीतला. दुपारी त्यांना पॅकिंगला बसवलं.

जाताना माझ्यापाशी थांबले. "मी नरम माल काढत नाही गं. पण तुझं मशिन म्हणतंय, तर असेल."

१८ जून

आज कापताना पाइप मुडपला. चाक कोरडं. तुकडा तापला, कड निळी झाली. इतकं तापलं की कडक पोलादही नरम पडतं.

ही निळी कड मी काल पाहिली होती. वाईट दिसते म्हणून घासून टाकली. रंग गेला. नरमपणा आत राहिला.

कुणाला कळणार नाही.

१९ जून

सांगितलं.

मॅडमनी पिनेचा उरलेला अर्धा भाग पुढे सरकवला. पाइप एका हाताने धरून कापला. कडक. तडा खाचेच्या टोकदार कोपऱ्यातून गेलेला — दोष गिऱ्हाइकाच्या आराखड्यात.

"परवा काय केलंस ते अहवालात लिही. खाली तुझी सही."

लिहिलं.

संध्याकाळी मामा पुन्हा भट्टीवर. मला बोलावून भट्टीचं दार उघडलं. "सांग, किती?"

"आठशे चाळीस."

मीटरवर नऊशे.

"मीटर बरोबर आहे," मामा म्हणाले.

घरी येईपर्यंत हसू येत होतं.

२० जून

नवा पाइप बसवला. मी सहज विचारलं, जुना किती वर्षांचा?

"मी आले तेव्हाही हाच होता," मॅडम म्हणाल्या. मग उठल्या आणि तीन वर्षांपूर्वीच्या नमुन्यांचा खण उघडला.

२२ जून

वस्तादांच्या मालातला तुकडा सापडला. चाकावर नीट पाणी सोडून पुन्हा कापला. कडक.

मामा फोन करायला बाहेर गेलेत. भट्टी मी बघतेय.