टेबलावरचा पैसा

९ जानेवारी १९३७
टेबलावरचा पैसा गायब! कोणी उचलला देव जाणे. आता मुतखड्याचं माप घ्यायचं कशानं? एक्स-रेचा फोटो काढताना दुखऱ्या कमरेजवळ पैसा ठेवायचा, म्हणजे प्लेटेवर त्याचा पांढरा गोल उमटतो, शेजारी खडा. खडा पैशाच्या मानानं किती, ते मी वहीत लिहायचं—डॉक्टरसाहेबांची रीतच ती. बाहेर माणसं खोळंबलेली, विजेच्या इंजिनाचं तेल जळून राह्यलेलं. खिशातला पैसा काढला न् ठेवला.

धावड्याच्या साखराबाईचा फोटो. दिवाळीत तिचा खडा अर्ध्या पैशाहून थोडा जास्त होता, आज पाऊण भरला. साहेब म्हणाले, "चुना साचत चाललाय. काढावा लागेल." त्यांचा हिशेब सरळ आहे. खडा तेवढाच असला तर हात लावायचा न्हाई, वाढला तर चिरायचं.

१६ जानेवारी
साखराबाई टेबलावरच गेली. भूल सोसली न्हाई. तिचा नवरा बिरू पायरीवर बसून होता. माझ्यानं त्याच्याकडं बघवलं न्हाई.

२ फेब्रुवारी
आष्टीहून दादा आल्ता, संगं द्वारकावहिनी. दादालाही मुतखडा, पहिला फोटो दिवाळीतला. आज दुसरा काढला. तेव्हा अर्ध्याहून थोडा जास्त, आता पाऊण. दोनदा मोजला. वहीत लिहिलं.

साहेबांनी छातीला नळी लावली न् बराच वेळ काढलीच न्हाई. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काळीज कमजोर आहे. पण वाढतोय, तर ठेवता येत नाही. शुक्रवारी करू."

दादा मलाच धीर देतो—"मच्छिंदर, तू हाईस ना इथं, मंग मला कशाची भीती?" लई राग आला त्याचा. मला काय येतं? प्लेटा धुता येतात.

३ फेब्रुवारी
वहिनी दवाखान्याच्या ओट्यावर भाकरी बांधून बसल्यात, खात न्हाईत. "भावजी, कापायलाच पाहिजे का? नीट मोजलं का तुम्ही?"
म्हणालो, वहिनी, मापात चूक न्हाई.
लहानपणी मला ताप यायचा तर दादा खांद्यावर घेऊन परतूरला जायचा. तेच डोक्यात.

४ फेब्रुवारी
सकाळी बिरू आल्ता. स्वतः विणलेली घोंगडी घेऊन. "तुम्ही तिला हाताला धरून आत नेलं. परकं माणूस एवढं करत न्हाई." नको नको म्हणालो, ऐकलं न्हाई. ठेवून गेला.

दुपारी दादाच्या दोन्ही प्लेटा खिडकीला एकीवर एक धरल्या. मेला खडा कोणत्या बाजूनं वाढला ते तरी बघावं म्हणून. खडा खड्यावर बराबर बसला. कडासुद्धा जुळल्या! पण पैशाचा गोल पैशाच्या गोलावर बसेना. जुना मोठा, नवा लहान.

टेबलावरचा पैसा हातात घेतला—हाली. निजाम सरकारचा. हरवलेला कलदार होता, इंग्रजी मुलखातला, चांगला रुंद. जुन्या जालन्यातली भाजीवालीसुद्धा हाली का कलदार विचारून घेते. आन् मी शहाणा, दवाखान्यात बसून विचारलं न्हाई! पैसा लहान झाला म्हणून खडा मोठा दिसला. बाकी तो कणभर वाढला न्हाई.

सांगितलं तर नोकरी जाईल. जाऊ दे. प्लेटा घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेलो. त्यांनी त्या उजेडाला धरल्या, खाली ठेवल्या, परत धरल्या. "उद्याचं रद्द," म्हणाले. मंग आवाज एकदम खाली आला. "हा दुसरा पैसा कधीपासून ठेवतोस?"

आठवत न्हाई म्हणालो.

५ फेब्रुवारी
दादा-वहिनी सकाळच्या गाडीनं गेले. दादा खिडकीतून हसून राह्यला होता. वहिनींनी गाडी सुटेस्तोवर माझा हात सोडला न्हाई. घरी आलो तर खुंटीवर घोंगडी.

६ फेब्रुवारी
कपाटातून साखराबाईच्या दोन्ही प्लेटा काढल्या. खिडकीला धरल्या.

खडा खड्यावर बराबर बसला.