वाघोबापुढच्या बकऱ्याचा फोटो

बोईसर,
ता. ६ ऑक्टोबर १९६८

गोमादादा, रामराम.

तुला आणि तानीवहिनीला माझा आणि हिराचा नमस्कार. आत्मारामगुरुजी तुमच्या पाड्यावरून बाजाराला आलेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतो आहे. तेच तुला वाचून दाखवतील. गुरुजी, हात जोडून सांगतो, काही गाळू नका. मध्येच घसा खाकरून दोन ओळी गिळायची तुमची खोड मला ठाऊक आहे.

आम्ही इकडे बरे आहोत. तारापूरच्या अणुवीज केंद्राचं काम सुरू झाल्यापासून बोईसर ओळखू येत नाही. स्टेशनाबाहेर नुसती हिंदी. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला पासासाठी फोटो लागतो, म्हणून माझा स्टुडिओ कधी नव्हे तो चालतो आहे. दिवसभर "सीधा देखो, हँसो मत" म्हणत बसायचं. चांगल्या हसणाऱ्या माणसांना गप्प करून पोट भरतो आहे बघ. हिराने मुरबे गावचा सुका बोंबील दिला आहे. वहिनीला म्हणावं, कालवण तिखटच कर, मी समोर बसलोय असं समजून.

तुमच्याकडची भातं कापणीला आली असतील. वाघोबाच्या पूजेची वाघबारस पंधरवड्यावर आली.

वाघबारस म्हटलं की मला ते आठ दिवस आठवतात. सात वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांचा, खांद्यावर नवा कॅमेरा, आणि डोक्यात एकच खूळ, वाघाचा फोटो. तसा तो बिबट्या, पण तुमच्या पाड्यावर सगळे वाघच म्हणतात आणि मलाही वाघच म्हणायला आवडायचं. चिंचणीच्या होडीवाल्याचा मुलगा मी, मला जंगलात चालतासुद्धा येत नव्हतं. तू पुढे आणि मी मागे काटक्या मोडत. "आरं, तू येतोस का वरात येते?" असं तू विचारलंस तेव्हा वहिनी भाकरी थापता थापता किती हसली! ओल्या मातीतला पंजा कालचा की आजचा हे तू बोटाने दाखवायचास. माकडं ओरडली की थांबायचं, मोर ओरडला की बसायचं. संध्याकाळी ओटीवर तुझ्या तारप्याचा सूर. तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही, दादा. हे तोंडावर कधी बोललो नव्हतो, आज लिहितो.

पण वाघ काही दिसेना. सात दिवस गेले. उद्या वाघबारस, परवा मला परतायचं.

पूजा दरवर्षी तुझ्या हातची, म्हणून पाड्याने वाघोबासाठी राखलेला बकरा तुझ्या अंगणात होता. तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस, "वाघोबाचा बकरा बांदायचा नाय. त्याच्या दगडापुढं तो मोकळा चालत जातो. बांदून दिलं तं देवाला फसवलं." मी मान डोलावली होती.

गुरुजी, इथून पुढे जरा मोठ्याने वाचा.

त्या दिवशी दुपारी तू आणि वहिनी शेतावर होतात. मी बकरा उचलला, डोंगराखाली वाघोबाच्या दगडाशी नेला आणि शेजारच्या खुंटाला बांधला. करवंदीच्या जाळीत कॅमेरा लावून बसलो. मनाशी म्हटलं, फोटो झाला की सोडून परत आणू, कोणाला कळणार आहे?

उन्हं तिरपी झाली आणि तो आला. कधी आला ते दिसलंच नाही. बकरा एकदाच ओरडला. मी बटण दाबलं. वाघाचे दोन्ही पंजे बकऱ्यावर, मागे शेंदराचा दगड, आणि नजर थेट माझ्याकडे. मग त्याने बकरा ओढला. दोर सुटेना. पुन्हा ओढला. मग बकरा टाकून तो जाळीकडे वळला. मी जाळीत आणखी आत सरकलो. कॅमेरा हातात होता, पण बटण दाबायचं सुचलं नाही.

आणि तू धावत आलास. बकरा जागेवर नाही म्हणून शोधत आला असशील. आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहिलास, हातातला कोयता खाली ठेवलास आणि त्याच्याशी बोललास. "जा, बाबा. जा. पोर हाय, चुकला. त्याच्या वाटचं मी बगतो." तो उभा राहिला, आणि मग गेला. त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे नाही. आयुष्यात काढण्यासारखा तोच एक होता.

सकाळी पाडा जमला. वाघोबाने बकरा टाकला, आणि तोही बांधलेला. मंगळी म्हातारीने दोर उचलून विचारलं, "कुनी बांदला ह्यो?" दादा, ती गाठ होडी बांधायची होती. डोंगरातला माणूस तशी गाठ मारत नाही, आणि तू ती उलटसुलट करून बघितलीस. मग माझ्याकडे बघितलंस. मी कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत राहिलो.

"मी बांदला," तू म्हणालास.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या वाटेत मी "का?" म्हणून विचारलं. तू एवढंच बोललास, "पाव्हना मी आनला. त्याचा दोष माजा." मला गाडीपर्यंत सोडलंस, वर वाटेसाठी भाकरी दिलीस.

मी काय केलं? निगेटिव्हवर पेन्सिल चालवून दोर पुसला. मग तो फोटो चमत्काराचा झाला. वाघ आपला नैवेद्य घ्यायला आपणहून आला! मुंबईच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. लोकांनी प्रती नेऊन देव्हाऱ्यात ठेवल्या. "धन्य तुमची," म्हणायचे, आणि मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा. पाड्याकडे मात्र पुन्हा फिरकलो नाही. काम फार, असं सांगत राहिलो.

मागच्या बाजारी गुरुजी स्टुडिओत आले. भिंतीवरच्या त्या फोटोपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पाड्याने गोमाकडून पूजा काढून घेतली ती घेतलीच. वाघबारशीला तो अजून लांब धोंड्यावर एकटा बसतो." मला सांगायला म्हणून ते बोललेच नव्हते. गेल्यावर मी दुकान बंद करून बसलो. लाज वाटली, दादा. सात वर्षं वाटायला हवी होती तेवढी एकदम वाटली.

मग ती निगेटिव्ह काढली. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पेन्सिल पुसली. नवी प्रत काढली, ती सोबत आहे. दोर स्पष्ट दिसतो आहे, गाठही. मंगळी म्हातारी असेल तर तिच्या हातात द्या. भिंतीवरचा फोटो उतरवला.

गुरुजी, हे पत्र घरात वाचून ठेवून देऊ नका. वाघबारशीला सगळा पाडा दगडापुढे जमला की तिथे पुन्हा वाचा. मी तिथे असेन. सकाळच्या गाडीने निघून पुढे पायी येईन. पाडा काय म्हणेल ते ऐकीन, काय करील ते सोसेन. पण पूजा गोमाच्या हातची व्हायला हवी.

दादा, तू माझी चूक सात वर्षं सांभाळलीस. आता ती मला दे.

बकरा बांधणारा,
कमलाकांत