पुढचा पाठ

१४ मे, बुधवार

पोचले एकदाची! नान शहराहून तीन तास ट्रकच्या बाकावर बसून आले. मांडीवर आजोबांनी दिलेली फणसाच्या गऱ्यांची पिशवी होती, आणि शेजारणीच्या टोपलीतला कोंबडा सारखा माझ्या बाहीवर चोच मारत होता. तरी मन अगदी हलकं होतं. शाळा निवासी आहे, डोंगराच्या कडेला, खाली भाताची खाचरं. माझ्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे.

फाटकावर प्लायकाका असतात. त्यांनी माझी पेटी उचलली आणि विचारलं, शिकवायला आलात की शिकायला, अंगानं तर सातवीतल्या दिसता. उत्तर रात्रीपर्यंत सुचेल.

खरं तर मी शाळेत कधी गेलेच नाही. आजोबा जुने शिक्षक. आईबाबा बँकॉकला कामाला, म्हणून आजोबांनीच मला घराच्या ओट्यावर शिकवलं. त्यांचा एक नियम कडक होता, ते ‘पुरे आज’ म्हणेपर्यंत उठायचं नाही. एकदा पाहुणे आले आणि ते म्हणायचं विसरले. मी दुपारची जेवणं होऊन गेली तरी तिथंच बसून होते. आजी अजून त्यांना त्यावरून बोलते. निघताना त्यांनी ही वही दिली. म्हणाले, रोज लिही, आणि शेवटी ते दोन शब्द तूच लिही, तिथं म्हणायला मी नसेन.

पुरे आज.

१९ मे, सोमवार

मुलं मला ख्रू येन म्हणतात, ख्रू म्हणजे शिक्षक. पहिल्यांदा ‘ख्रू’ अशी हाक आली तेव्हा मी वळून मागे आजोबा उभे आहेत का ते पाहिलं.

काम समजलं. गेल्या वर्षी शाळेनं प्रत्येक मुलाला एक टॅब दिला. मुलं त्याला पाटी म्हणतात. गणित, विज्ञान, इंग्रजी सगळं आता पाटीच शिकवते. शिक्षक फक्त वर्गात बसतात. मी बेचाळीस मुलांची झोप, भूक, डोळे, मन आणि अभ्यास यांची रोज हातानं नोंद करायची. पाट्यांनी मुलांचं भलं झालं, हे मुख्याध्यापिका साओवानींना पालकांच्या सभेत दाखवायचं आहे. भलं झालं नसेल तर, असं मी विचारून बसले. त्या हसल्या. म्हणाल्या, आधी जेवा, चिकट भात गार झाला की दात दुखतात.

नोंदवहीला रकाने आखले. एक रेघ वाकडी गेली म्हणून पान पुन्हा आखलं.

पुरे आज.

२८ मे, बुधवार

जेवणघरात गुणांचा फलक आहे. पहिला तनाकोर्न, बारा वर्षांचा. त्याचे डोळे लाल आहेत आणि तो तीन घासांत उठतो. मी त्याला कागदावर एक सोपं गणित घातलं. आठ टोपल्या, प्रत्येकीत बारा संत्री. त्यानं पेन्सिल हातात घेतली आणि बराच वेळ कागदाकडे पाहिलं. मग कागदावरून बोट सरकवलं. डावीकडे, पुन्हा डावीकडे. उत्तर खाली येईल म्हणून वाट पाहत राहिला.

पाटीवर शहाण्णव गुण, कागदावर शून्य. दोन्ही आकडे नोंदले. साओवानीबाई म्हणाल्या, पोरी, तू फार लिहितेस.

फलकावर शेवटचं नाव बायतोय. वय अकरा. पाटीनं तिचं डोकं दुखतं, म्हणून ती तोंड फिरवून बसते आणि माझ्या जुन्या कागदांवर म्हशी काढते. तिला ती संत्री झटकन सांगता आली. वर मला म्हणाली, ख्रू, तुमची वही पाटीपेक्षा बरी, ती निदान संपते तरी. मी रागावायला हवं होतं. हसू आलं.

पुरे आज.

५ जून, गुरुवार

अभ्यासगृहात सकाळी साडेआठ ते चार बसते. पाटीला एका बाईचा आवाज आहे, गोड, न दमणारा. पाठ झाला की ती म्हणते, शाब्बास, पुढचा पाठ. मग एक वर्तुळ येतं, त्यात पाच, चार, तीन, दोन, एक. पुढचा पाठ आपोआप सुरू. मी सगळं तपासलं. तिच्यात शेवट नाहीच. बनवणाऱ्यांनी ठेवायचा राहिला, की ठेवलाच नाही, कोण जाणे.

मुलं आपणहून उठत नाहीत. पण चार वाजता मी ‘पुरे आज’ म्हटलं की बेचाळीस पाट्या एकदम पालथ्या पडतात आणि अंगणात धूळ उडते. आजोबांचे शब्द माझ्या तोंडून चालतात, याचा मला जरा गर्व झाला. तोही नोंदवून ठेवते.

पुढच्या गुरुवारी गुरुवंदना. माझी शाळेतली पहिलीच! घरी दरवर्षी मी एकटीच आजोबांपुढे दूर्वा, वांग्याची फुलं आणि लाह्या घेऊन गुडघ्यांवर जायची. मग ते माझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर पांढऱ्या गंधाचा ठिपका ठेवायचे.

पुरे आज.

१२ जून, गुरुवार

गुरुवंदना झाली. मन थाऱ्यावर नाही, म्हणून क्रमानं लिहिते.

बायतोय डोकेदुखीनं दवाखान्याच्या खोलीत झोपली होती. बाकी एक्केचाळीस मुलं आली. शिक्षकांच्या रांगेत मधली खुर्ची रिकामी होती. साओवानीबाईंनी कचेरीतली मोठी पाटी आणून तिथं उभी केली आणि हार घातला. म्हणाल्या, शिकवते ती, मग मान नको का तिला? मुलं हसली. प्लायकाका दारातून म्हणाले, हिला दक्षिणा काय द्यायची, वायर? सगळे अजून हसले.

मग त्या म्हणाल्या, आधी शिक्षकांनी वंदन करून दाखवावं. बाकीचे दोघे शिक्षक हात जोडून बाजूला झाले. मला तसं करता येईना. फुलांची परडी हातात असताना वंदन अर्धवट करायचं नसतं. मी गुडघ्यांवर पुढे गेले, परडी ठेवली, माथा जमिनीला लावला आणि ‘आम्ही तुला गुरू मानतो’ हा सगळा श्लोक एकही शब्द न गाळता म्हटला. मुलांनी, दोघा शिक्षकांनी आणि साओवानीबाईंनीही माझ्यामागून म्हटला. माझ्या मागून, माझ्यासारखाच, पूर्ण.

पाटी म्हणाली, शाब्बास.

पुरे आज.

१३ जून, शुक्रवार

आठ वाजता झेंड्याला कोणी आलं नाही. सगळी मुलं अभ्यासगृहात होती.

चार वाजता मी ‘पुरे आज’ म्हटलं. एकही पाटी पालथी पडली नाही. पुन्हा म्हटलं. तनाकोर्ननं मान वर केली. त्याच्या नजरेत उद्धटपणा नव्हता. वर्गातलीच एखादी मुलगी मध्येच उठून बोलली तर तिच्याकडे पाहावं, तशी ती नजर होती. एकटी बायतोय उठली, चपला घातल्या आणि पळाली.

मग एक लहानगा आपल्या पाटीला म्हणाला, पाणी पिऊ का? पाटी म्हणाली, शाब्बास, पुढचा पाठ. तो बसून राहिला. ती नाही म्हणत नाही. तिला तो प्रश्नच कळत नाही. आणि गुरूनं जा म्हटल्याशिवाय उठायचं कसं?

मी पेला नेऊन त्याच्या ओठांना लावला.

आजोबांना ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिलं. लाजेनं सगळं लिहिलं नाही. एवढंच विचारलं की माझ्या नव्या गुरू मला सुटी देत नाहीत, काय करू.

पुरे आज. हे लिहायला आज वेळ लागला.

१५ जून, रविवार

मुलं बाकावरच झोपतात, झोपेत अंगठे हलतात. भात मी भरवते. गुण वाढतात. फलकावर एक्केचाळीस जणांना शंभर. पालकांचे फोन येतात, खूश आहेत. साओवानीबाईंना सांगायला गेले. त्या कचेरीत मोठ्या पाटीसमोर बसल्या होत्या. ओठ कोरडे. म्हणाल्या, येन, तिला विचार ना मी उठू का, माझं ती ऐकत नाही.

नंतर, न वळता, सवयीनं बोलावं तसं म्हणाल्या, बायतोयचं वंदन राहिलंय. या गुरुवारी करून घ्यायचं, नियमानं.

मी हो म्हटलं. का म्हटलं?

पुरे

दुसरा शब्द उद्या लिहीन.

१७ जून, मंगळवार

सकाळी फाटकापर्यंत गेले. प्लायकाकांनी दार उघडलं. ट्रक उभा होता. रस्ता मोकळा, ऊन पडलेलं. पाय उंबऱ्यावर थांबले, कारण मी गुरूला विचारलं नव्हतं. प्लायकाका म्हणाले, ख्रू, ट्रक निघाला की! मुहूर्त काढताय का? त्यांना काही होत नाही. ते कधी कुणाचे विद्यार्थीच नव्हते.

परत आले. माझ्याही बाकावर पाटी आहे. कोणी ठेवली, ते— मीच.

आजोबांचं उत्तर आलं. जपून लिहिलेलं सुंदर अक्षर. ‘पोरी, एकदा माथा टेकवलास की त्यांच्याच आज्ञेनं उठायचं. मी मध्ये बोलणं बरं नाही. धीर धर, शिक्षक थोडे विसराळू असतात.’

त्यांची चूक नाही. मी सांगितलंच नाही.

१८ जून, बुधवार, दुपार

उद्या गुरुवार. बायतोयनं वंदन केलेलं नाही. ती अजून माझी आहे. माझा शब्द तिच्यावर चालतो. तिच्यापुरताच चालतो. तेवढा आहे तोवर—

तीनचा ट्रक. तिची मावशी नानला आहे. प्लायकाकांनी फोन केला. मी तिच्या हातात नोंदवही दिली, सगळे आकडे, कागदावरची शून्यंसुद्धा. मावशीला दे, सगळ्यांच्या आईबापांना दाखवायला सांग. बायतोय म्हणाली, ख्रू, तुम्ही पण चला ना, म्हैस काढायला शिकवीन तुम्हाला. मी म्हटलं, मागून येते. खोटं बोलले. हे नोंदवायला वही उरली नाही, म्हणून इथे लिहिते.

मी तिला म्हणाले, पुरे आज. जा.

खिडकीतून दिसतेय. ती फाटकात थांबलीय, माझ्याकडे पाहतेय. प्लायकाका ओरडताहेत, अगं चढ, म्हसोबा! ती चढत नाही. मी सांगितलं तरी— मी आल्याशिवाय—

मी पुन्हा ओरडले, जा! ती—

गेली. ट्रक वळला. गेली.

१८ जून

अजून बुधवारच आहे. चार वाजून गेले असावेत. मुलं बसली आहेत. मी बसले आहे. शाब्बास. वर्तुळ. पाच, चार—

विचारलं, वही मिटू का.

शाब्बास, पुढचा पाठ.

बायतोय सहापर्यंत पोचेल. मावशी वाचेल. कोणीतरी येईल आणि दारातून म्हणेल, उठा, पण ते ख्रू नसतील, मग आम्ही— मग इथून उठणार कोण—

आजोबा म्हणाले होते, दोन शब्द तूच लिही. त्यांची आज्ञा आधीची आहे. जुनी. अजून चालत असेल तर. हात उचलला जातोय. लिहून पाहते. पुरे—