पुढची चाकं देवासला, मागची उदयनगरला

तीर्थस्वरूप राजावन्सं यांना देवासहून जमुनेचा वाकून नमस्कार. जमुना म्हणजे तुमच्या धाकट्या भावाची बायको. सांगून ठेवलेलं बरं, कारण मागचं पत्र पंचांगात ठेवून तुम्ही मलाच फोन केलात, की जमुनेचं पत्र कुठे गेलं गं. गुडघे कसे आहेत? तुमचे भैयासाहेब दुपारी अजून पाचपर्यंत झोपतात ना? झोपू द्या. मी बोलते आहे आणि नात कृतिका लिहिते आहे. (ती म्हणते, आजी, हळू बोल. मी म्हणते, तू भरभर लिही.)

वन्सं, इकडे नुसती धामधूम आहे. उदयनगरच्या शेतावर नव्या गव्हाची पहिली ओंबी घरातल्या मोठ्या बाईनं बांधावरच्या देवीला वाहायची आणि ओटी भरायची, हे तुमच्या आईनंच मला शिकवलं. पण नाल्यानं रस्ता खाल्ला, आणि तीन वर्षं मी इथे पाटावर बसून मोबाईलवरून ओटी भरते आहे. गेल्या साली ऐन वेळी नेटवर्क गेलं. देवी गेली आणि पडद्यावर उदाजीचं (तुमच्या लाडक्या भाच्याचं) उघडं तोंड तेवढं राहिलं. त्यालाच हळदकुंकू वाहिलं.

यंदा नातू संग्राम म्हणाला, आजी, तुला मी वर नेतो. कशानं, तर आपल्या जुन्या फोर-व्हील पिकअपनं. तिची पुढची दोन चाकं वेगवेगळ्या दांड्यांवर, दोन जावांच्या दोन चुलींसारखी. याचं त्याला ठाऊक नाही. त्यांच्यात आरपार एकच भक्कम एक्सल टाकला, की एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं खाली दाबून धरतं म्हणे. मग संग्राम आणि विठोबा मिस्त्री (कारखाना सोडून गॅरेज काढलेला) यांनी भंगारातून जीपचा एक्सल आणला. महिनाभर अंगणात ठोकाठोक. गाडी हातभर उंच झाली. मला आत बसायला स्टूल लागतं, आणि स्टुलावर चढायला पाट.

अडचण एकच आली. एक्सलला एक गोळा असतो, त्यात दातेरी चाकं. तो होता डावीकडे, आणि त्याला फिरवणारा गाडीचा दांडा येतो उजवीकडून. दोघांनी डोकं लढवून अख्खा एक्सलच पालथा घातला. गोळा आला उजवीकडे. लगेच पेढे वाटले. साध्या रस्त्यावर पुढच्या चाकांना ओढायचं काम नसतं, त्यामुळे बागलीपर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. मी पुढे बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होते. नाल्याच्या रेतीत उतरलो, संग्रामनं चारही चाकं जोडली, आणि पुढची चाकं देवासला निघाली, मागची उदयनगरला. आम्ही मधे, जागच्या जागी, गदगदा हलत.

विठोबा म्हणाला, "भिया, गियर अटक गया दिखे." उदाजी म्हणाला, "आई, पुरे झालं. खातेगांवचं गिऱ्हाईक आहे, विकून टाकतो." आता बागलीची पिठाची चक्की मी वीस वर्षं चालवली. (तुमचे भाऊ गल्ल्यावर बसायचे, तेही पेपर घेऊन.) पट्टा तिढा देऊन चढवला की दगड उलटा फिरतो, हे मला माहीत. म्हटलं, "अरे शहाण्यांनो, एक्सल पालथा घातलात, मग चाकं उलटी नाही फिरणार तर काय?" विठोबा रेतीतच बसला. म्हणाला, "काकी, आयटीआय केलंय का तुम्ही?" म्हटलं, "बाबा, मला सहीसुद्धा येत नाही."

उदाजीनं रंगपंचमीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर गाडी नाला चढली तर मी वर जाणार, नाही तर गाडी जाणार आणि मी पुन्हा मोबाईलसमोर. पण काळजी नको. उजव्या गोळ्याचा एक्सल सापडला आहे.

तुमची
जमुना

ता. क. : तो तुमच्या गोठ्यात आहे. भैयासाहेबांच्या जीपखाली.

आणखी एक : हे पत्र संग्रामच्याच हाती दिलं आहे. तुम्ही इथवर वाचलंत म्हणजे विठोबा जीपखाली आडवा झालाच असेल. त्याला चहा द्या. बदल्यात आमचा डाव्या गोळ्याचा एक्सल ठेवून घ्या. अकरा वर्षं ज्या जीपमध्ये कोंबड्या अंडी घालतात, तिला गोळा डावा काय नि उजवा काय. भैयासाहेबांना पाचनंतर सांगा, आणि तेही पोरं घाटाबिल्लोद ओलांडून गेल्यावर.

शेवटचं : पोरांबरोबर मेतकूट आणि मांडूची खुरासानी चिंच पाठवा. डबा संग्रामच्या मांडीवर द्या, मागे एक्सलशेजारी ठेवू नका. ग्रीसचा वास मेतकुटाला लागतो.