आधी गरम पाणी

प्रिय दुवान,

तुझा समुद्रावरचा फोटो पोचला. फोनवर तू नेहमीसारखं "सगळं ठीक आहे, आई" म्हणालास आणि मी काही विचारायच्या आत ठेवूनही दिलास, म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्र असं मध्येच तोडता येत नाही. डिसेंबरात येणार नाही म्हणालास. का, तर म्हणे कामं आहेत. कसली कामं रे? शर्यतीच्या सायकलवाल्यांना डिसेंबरात सुट्टी असते, हे तुझ्या बाबांच्या रेडिओमुळे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. तो फोटो पाहिल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही. का, ते सांगणारच आहे, पण आधी बाबांच्या पायाची हकीकत ऐक. ती ऐकल्याशिवाय पुढचं तुला कळायचं नाही.

इकडचं तसं बरं चाललंय. करडी गाय व्यायली, कालवड झाली. वरच्या तुकड्यातल्या बटाट्याची पानं थंडीनं करपली, खालचा तुकडा वाचला. तर त्या करपलेल्या तुकड्याच्या कुंपणाची तार ओढताना बाबांच्या नडगीला जखम झाली. एवढीशी जखम, पण त्यांनी ती कोणाला दाखवली नाही. रबरी बूट आणि लोकरीची विजार, त्याखाली ती चिघळत राहिली. मला कळलं ते मोज्यावरच्या डागावरून. मग ओढत नेलं आरोग्य केंद्रात. तिथे आता नीदिया आहे, शाळेत तुझ्यामागे दोन बाकं बसायची ती, परिचारिका झालीय. दर दोन दिवसांनी पट्टी बदलायची म्हणाली. पट्टी म्हणजे ती पांढरी चिकटपट्टी, आणि बाबांच्या पायावर केस किती, तुला माहीतच आहे. पहिल्या वेळी तिनं पट्टी ओढली तर बाबांनी अशी आरोळी ठोकली की बाहेर लस घ्यायला आणलेली पोरं रडायला लागली. नीदिया म्हणाली, "काका, जखमेच्या भोवतीचे केस कात्रीनं बारीक कापून या, म्हणजे त्रास नाही होणार." तर हे काय म्हणाले असतील? "मी काय सायकलवाला आहे?"

असं म्हणाले आणि लंगडत घरचा रस्ता धरला. आम्हाला दोघांनाही अंगणातला तो एकच दिवस आठवत होता, हे मी पैजेवर सांगते.

तू सतरा वर्षांचा होतास. सायकल क्लबातल्या मुलांनी तुला सांगितलं होतं की पायांवरचे केस काढल्याशिवाय शर्यतीला उभं राहायचं नाही. पडल्यावर खरचटलेलं धुता येतं, मालिश नीट होते, पट्टी सुखानं निघते. तू मात्र मोठा हुशार, बाबांचं जुनं पातं घेतलंस आणि नळाच्या थंडगार पाण्यात, कोरड्याच कातडीवर, खालून वर सपासप ओढलंस. वर कुणाचं तरी ऐकून कोलोन चोळलंस. दुसऱ्या दिवशी तुझे पाय सोललेल्या कोंबडीसारखे दिसत होते, लाल लाल पुटकुळ्यांनी भरलेले, आणि तू रडू येऊ नये म्हणून शिट्टी वाजवत होतास. मला हसूही येत होतं आणि जीवही तुटत होता.

त्यानंतर आपण दोघं मिळून शिकलो, नाही का? मला तरी कुठे काय माहीत होतं. एकदा हे करून बघितलं, एकदा ते. शेवटी जमलं. आधी गरम पाणी, चांगला वेळ पाय त्यात बुडवून, केस मऊ पडेपर्यंत. मग साबणाचा दाट फेस. पातं नवं, आणि केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं, हलक्या हातानं. एकाच जागी पुन्हा पुन्हा नाही. टॉवेलनं घासायचं नाही, नुसतं टिपायचं. मग कॅमोमाइलच्या फुलांचं गार केलेलं पाणी, आणि त्यावर कोरफड. कोरफड कुठली, तर दाराच्या मागे लाल फीत बांधून टांगलेली, आजीनं घराच्या भरभराटीसाठी लावलेली. तिचं पान कापायला घेतलेली सुरी मी दोनदा खाली ठेवली होती. तू म्हणालास, "आई, भरभराट माझ्या पायांनीच येणार आहे, काप तू." कापलं. पान उभं धरून आधी तो पिवळा चीक गळू द्यायचा, नाहीतर उलट खाज सुटते, हेसुद्धा आपण चुकूनच शिकलो. आणि दोनेक दिवसांनी दोडक्याच्या जाळीनं हलकं घासायचं, म्हणजे केस कातडीच्या आतच वळून गाठी होत नाहीत.

अशाच एका सकाळी मी तुझ्यासाठी मोठ्या टोपात पाणी तापवून अंगणात ठेवलं होतं आणि तू गुडघ्यापर्यंत फेस लावून बसला होतास, तेवढ्यात बाबा दुकानावरून आले. तिथे कोणीतरी टोमणा मारला होता, "काय एव्हारिस्तो, तुझ्या घरात नवी पोरगी आलीय म्हणे, पाय बघितले का तिचे?" त्यांनी आल्या आल्या टोपाला लाथ घातली. पाणी सगळ्या अंगणात पसरलं, कोंबड्या उधळल्या. त्या टोपाला पडलेला पोचा अजून आहे. मला तेव्हा फार राग आला होता. ज्या माणसानं जन्मभर रेडिओला कान लावून सायकलींच्या शर्यती ऐकल्या, घाटात पुढे गेलेल्याचं नाव ऐकून बटाट्याचं पोतं टाकून नाचला, त्याला हे कळू नये? पण रेडिओवर कोणाचे पाय दिसत नाहीत, दुवान. आणि खरं सांगू, भांडण केसांचं नव्हतंच. तुझे पाय गुळगुळीत झाले म्हणजे तू या जमिनीवर राहणार नाहीस, हे त्यांना त्या अंगणात एकदम कळलं. ते त्यांना बोलता आलं नाही, म्हणून टोपाला लाथ.

आणि मग तू स्पेनला निघालास त्या दिवशीचं ते वाक्य. "जिंकून येणार असशील तर ये, नाहीतर हे बायकी पाय या उंबऱ्याच्या आत आणू नकोस." तू ते बॅगेत घालूनच गेलास, मला माहीत आहे. सुरुवातीला तुझे फोन शर्यतींच्या नावांनी भरलेले असायचे. मला ती नावं उच्चारता यायची नाहीत, तू हसायचास. मग तू त्या उतारावर पडलास, खांद्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर नावं कमी कमी होत गेली. आता तू हवा कशी आहे ते सांगतोस.

तर बाबांचा पाय. कात्रीनं कापायला सांगितलं होतं ना? ह्यांनी कात्री घेतली नाही. मला कळू नये म्हणून गोठ्यात गेले, पहाटे, दूध काढायच्या बादलीत थंड पाणी घेऊन, आणि दाढीच्या पात्यानं खालून वर खरवडले. एकच पाय केला तर विचित्र दिसेल म्हणून दोन्ही केले! जखमेला लागलं नाही ही देवाची कृपा. वर आग होऊ नये म्हणून काय लावलं असेल? आग्वार्दियेन्ते. आपली दारू! अर्धी पायांवर ओतली आणि अर्धी, वेदना सहन व्हावी म्हणून, पोटात. आणि त्यावर लोकरीची विजार आणि रबरी बूट चढवून दिवसभर शेतात.

रविवारी चर्चमध्ये ते पाय फाकवून चालताना पाहून सगळ्यांना वाटलं घोड्यावरून पडले. मी घरी आल्यावर विजार वर करायला लावली. दुवान, तुझी ती सोललेली कोंबडी त्यांच्यापुढे काहीच नव्हती. मी हसायला लागले ती थांबेचना. म्हटलं, "अहो, दर डिसेंबरात डुक्कर कापता, तेव्हा केस काढायच्या आधी काय करता?" म्हणाले, "उकळतं पाणी ओततो." म्हटलं, "मग स्वतःला डुकराएवढा तरी मान द्यायचा होता!" त्यांनाही हसू आलं, पण हलल्यावर पाय चरचरले, म्हणून हसणं गिळलं.

मग मी त्यांना चुलीपाशी बसवलं आणि जखम सोडून बाकी पायांवर कॅमोमाइलच्या पाण्यात भिजवलेली फडकी ठेवली. दारामागच्या कोरफडीचं पान कापलं, चीक गळू दिला, गर लावला. विजारीच्या आत घालायला तुझे जुने सुती पायजमे काढून दिले, आखूड होते पण लोकर तरी टोचत नाही. त्यांनी गर लावलेल्या पोटरीवरून हळूच बोट फिरवलं. मग म्हणाले, "तोसुद्धा हे सगळं असंच करायचा?" म्हटलं, "हो, असंच." म्हणाले, "दर आठवड्याला?" म्हटलं, "शर्यतीच्या दिवसांत त्याहून जास्त." पुन्हा म्हणाले, "आणि पडल्यावर चिकटपट्टी रोज ओढायचे?" मी नुसती मान हलवली. त्या दिवसापासून त्यांचं तुझ्या खोलीत जाणं सुरू झालंय. तुझ्या जुन्या सायकलीवरची धूळ पुसतात आणि मला म्हणतात, उंदीर बघायला गेलो होतो.

पुटकुळ्या गेल्या. आता पट्टीपुरती जागा ते स्वतःच स्वच्छ ठेवतात, आणि त्यांचा थाट बघायला हवास. पोचा पडलेल्या त्याच टोपात पाणी तापवतात, बोट बुडवून बघतात, मला विचारतात, "केसांची दिशा इकडची ना?" नीदिया म्हणते, "काका, आता कसे गुपचूप बसता!" जखमही भरत आलीय. दुकानावर परवा त्याच माणसानं पुन्हा तोंड उघडलं, "एव्हारिस्तो, ऐकलं ते खरं का? आता तूही?" बाबा म्हणाले, "खरंय. ये, तुझेही काढून देतो, पण मग रडायचं नाही." सगळे हसले. घरी येऊन मला हे सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, काय सांगू. हे उत्तर त्या दिवशी द्यायला हवं होतं, असं तेच म्हणाले.

आता तुझा फोटो. मी आधी पाहिला होता. समुद्र, वाळू, तू अर्ध्या चड्डीत उभा, हसतोयस. छान आहे. पण मी तुझी आई आहे, मी आधी तुझे पाय बघितले. मला वाटलं, बाबांच्या लक्षात नाही येणार, म्हणून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. तुझा चेहरा पाहिला. मग ते जाड बोट काचेवर ठेवून त्यांनी फोटो मोठा केला, खाली सरकवला, आणि तसेच बघत राहिले. म्हणाले, "ऑरा, याच्या पायांवर केस आलेत. चांगले वाढलेत. हे एका महिन्याचं काम नाही." या घरात आता दोघांनाही कळतं की ज्याला शर्यतीला उभं राहायचंय तो पाय असे ठेवत नाही. मी वाट बघत होते की ते म्हणतील, बघ, मी सांगितलं होतं. तसं ते म्हणाले नाहीत. चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले, तो स्वच्छच होता. म्हणाले, "पोरगं तिकडे एकटं बसलंय आणि माझ्या एका वाक्यापायी घरी येत नाहीये." पुढे म्हणाले, "त्याला लिही. जिंकून ये म्हणालो होतो ते मी परत घेतलं." आणि लगेच, "नको, तसं नको लिहू, त्याला वाटेल मी मरायला टेकलोय." मग उठून तो टोप घेतला, अंगणातल्या दगडावर पालथा घातला आणि हातोडीनं पोचा ठोकून काढायला लागले. पूर्ण नाही निघाला. आत येऊन म्हणाले, "एवढंच लिही. केस ठेवून आलास तरी चालेल, इथे थंडी आहे, ते बरेच. आणि काढावेसे वाटले, तर पाणी मी तापवीन."

तेवढ्यासाठी हे पत्र, बाळा. ये.

तुझीच,
चुलीवर टोप ठेवून बसलेली
आई