लेबलावर ‘ड्राय’

३ मार्च
लेकीचे होणारे सासरे चोवीस तारखेला आमच्याकडे जेवायला येणार. मोठ्या हॉटेलात तीस वर्षं वाईनचं सगळं तेच बघायचे. लेकीने त्यांना सांगून ठेवलंय, बाबांना वाईनमधलं खूप कळतं. तिला हे कोणी सांगितलं? मीच. पण खोटं नाही. छापखान्यात अकरा वर्षं वाईनच्या बाटल्यांची लेबलं मीच तपासतो. प्यायलोय एकदाच, तेही चहाच्या कपातून. संकल्प : तीन आठवड्यांत स्वतःची आवड शोधून काढणे आणि त्या दिवशी तीच बाटली टेबलावर ठेवणे. तीन आठवडे म्हणजे डोक्यावरून पाणी.

५ मार्च, संध्याकाळी ७
रेड, ड्राय. बूच बाटलीत पडलं. चहाच्या गाळणीने गाळून घेतली. लेबलावर वास लिहिलेले : आलुबुखार, देवदार, चामडं. चामडं लगेच ओळखलं. बायको म्हणाली, खुर्चीखालचे बूट आधी उचला. दोन घोट घेतले. उत्कृष्ट. मग डोळ्यांत पाणी का, असं तिने विचारलं. भारावलो होतो.

९ मार्च
व्हाइट, ड्राय. आंबट ढाण. उरलेली बेसिनमध्ये ओतली. माझ्या जिभेचा दोष नाही. दुपारी डब्यात काकडी होती, ती नडली.

१३ मार्च
दुकानातल्या बाईंनी विचारलं, एरवी तुम्हाला गोड आवडतं का? आवडतं. चहात तीन चमचे साखर लागते. पण परक्या बाईला हे कशाला सांगा? गोड वाईन म्हणजे शिकाऊंचं काम. ड्रायच द्या म्हटलं, कडक ड्राय.

१६ मार्च
सापडली! लेबल आमच्याच छापखान्यातलं, मीच पास केलेलं : ‘ड्राय. गोडीचा लवलेश नाही.’ तीन ग्लास कधी संपले कळलं नाही. म्हणजे जीभ तयार झाली. लोकांना वर्षं लागतात. बायकोने घोटभर घेतली आणि म्हणाली, हा तर साखरेचा पाक. तिची कीव आली. लेबल दाखवलं, तर चष्मा नाही म्हणाली. चार बाटल्या आणल्या.

२४ मार्च, रात्री
पाहुणे गेले. बोलणं बहुतेक मीच केलं. लेबल मोठ्याने वाचून दाखवलं, मग ड्रायनेस या विषयावर दहा मिनिटं. व्याह्यांनी घोट घेतला. बाटली हातात घेतली, मागून वाचली, हळूच खाली ठेवली. “छान आहे,” म्हणाले. “जराशी गोड आहे ना?”
मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “होईल हो तुमचीही जीभ तयार.”
ते हसले. लेक ताटात बघत होती. संध्याकाळ झकास झाली.

२५ मार्च
वाईन कंपनीचा छापखान्यात फोन. गोड वाईनच्या बाटल्यांवर ड्रायची लेबलं गेलीत. सहा हजार बाटल्या. मजकुराची अदलाबदल माझ्याच टेबलावर झाली. प्रूफवर सही माझी. मालकांनी विचारलं, वाचलं नव्हतंत का? वाचलं होतं. इतकं मन लावून कोणीच वाचलं नसेल.
संध्याकाळी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, त्यांनी कालच ओळखलं होतं. मला घरी सोडताना गाडीत म्हणाले, लेबल चुकलंय, पण तुझ्या बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.”
तीस वर्षांच्या जाणकाराच्या खांद्यावर मी हात ठेवला होता. लाज वाटते. दिवा बंद करूनही वाटते.

२७ मार्च
आता खरं बोलायचं. व्याह्यांची माफी मागायची आणि सांगून टाकायचं, मला वाईनमधलं ओ की ठो कळत नाही, मला फक्त गोड आवडते. कागदावर लिहून काढलं. बायकोला वाचून दाखवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाली, “अहो, एवढंच बोला. एक शब्द जास्त नको.”
फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच व्याही म्हणाले, बरं झालं तुम्ही फोन केलात, पुढच्या रविवारी आमच्याकडे या. खास तुमच्यासाठी एक बाटली काढून ठेवतो. अगदी मोकळेपणाने सांगा, तुम्हाला स्वतःला कुठली आवडते?
कागद हातात होता. बायको समोर उभी होती.
“ड्राय,” मी म्हणालो.