आबा, मशीनला हात लावायचा नाही

४ जानेवारी २०२५, शनिवार

पुन्हा अंडी लावली. साठ. गावरान. दुर्गाबाई पातूरहून बसनं टोपली मांडीवर घेऊन आल्या. त्यांच्या बचत गटाच्या बायकांना अंडी उबवायच्या अशा अकरा मशिनी हव्यात — पण ही खेप निघाली तरच! मागची साठच्या साठ गेली. फोडून पाहिलं तर पिल्लं अर्धी झालेली आणि तशीच थांबलेली. मशीन आचलनं बनवलेलं. दोन दिवस जेवली नाही. नातीचं तसं तोंड पाहवत नाही.

दुर्गाबाई म्हणाल्या, "पोरी, या टायमाले नाई निघाले तर मी बायांसमोर कोन्त्या तोंडानं जाऊ? त्यापक्षा माही कोंबडीच बसवली असती."

आचलनं झाकणावर चिठ्ठी चिकटवली. माझ्यासाठीच. "आबा, मशीनला हात लावायचा नाही."

एकवीस दिवस. पंचवीस तारखेला निघायला पाहिजेत.

६ जानेवारी

लावला.

इथं लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. आंघोळ झाली की मी मशीनचं बटन खाली करतो आणि लगेच वर करतो. पापणी लवते तेवढाच वेळ. वीज जाऊन आली तर हे पुन्हा चालू होईल की नाही, ते पाहिल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहत नाही. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो, तसंच हे. मागच्या खेपेलाही रोज करत होतो. त्यात सांगण्यासारखं काय! पंखा फिरतो, उबेचा बल्ब लागतो, आकड्यांच्या पाटीवर ३७.५ येतं. मग मी चहा पितो.

८ जानेवारी

आचल फोनवर सौमित्रशी भांडली. बडनेऱ्याचा पोरगा, तिचा कॉलेजपासूनचा मित्र. मशीन दोघांनी मिळून केलं. मागची खेप मेल्यावर ही म्हणाली तुझं सोल्डरिंग कच्चं, तो म्हणाला तुझा प्रोग्राम कच्चा. तेव्हापासून तो येत नाही.

आचल म्हणत होती, "माह्या टेबलावर तपासते तवा तर एकदाही चुकत नाई ना! इथंच काहून चुकते मंग?"

इथंच. म्हणजे अंड्यांच्या खोलीत. तिथं जातं कोण? मी आणि माझी बायको, अनसूया. आणि अनसूया तर बटनाला शिवत नाही.

जेवण गेलं नाही.

९ जानेवारी

आज हात लावला नाही. दिवसभर चार चकरा मारल्या त्या खोलीत.

१० जानेवारी

लावला.

१२ जानेवारी, रविवार

आचलनं अंधार करून एकेका अंड्याखाली टॉर्च धरला. आत लाल रेषा, कोळ्याच्या पायांसारख्या. मधे एक ठिपका — हलणारा! साठातली एक्कावन्न जिवंत. अनसूयेनं हात जोडले. आचल हसली, किती दिवसांनी.

मला मात्र तो ठिपका डोळ्यांपुढून जात नाही. एवढासा जीव आणि तो माझ्या बोटाखाली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ कडू लागला. अनसूया म्हणते, जीभ तपासून घ्या.

१६ जानेवारी, गुरुवार

अक्षर वाकडं आलं, समजून घ्यावं. (कोणी? मीच.)

सकाळी बटन खाली-वर केलं. आचल सामान आणायला अमरावतीला गेली. दुपारी अनसूयेनं अंडी फिरवायला झाकण उघडलं, एक अंडं मिटल्या डोळ्यावर ठेवलं. तिची आई असंच पाहायची.

"अहो, गार हाये हे."

पाटीवर ३७.५. बरोबर, अगदी बरोबर! दुसरं उचललं. तेही गार. मी तापाचं काचेचं थर्मामीटर आत ठेवलं. दहा मिनिटं. पारा जागचा हलला नाही.

मग काय सुचलं कोण जाणे, प्लगच उपटला. हातात धरून शंभरपर्यंत मोजलं आणि पुन्हा लावला. पाटीवर ३३.८! बल्ब भक्कन पेटला आणि पेटलेलाच राहिला. तासाभरानं अंडी उबदार लागली.

"तुमी केलं काय?"

"काही नाही. सैल होता प्लग."

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात अनसूयेशी खोटं बोललो ते दोनदाच. हे दुसरं.

१७ जानेवारी

उजाडल्यापासून एकच विचार. पटकन बंद-चालू केलं की कधी कधी पाटी खोटं सांगते. चांगलं शंभर मोजेपर्यंत बंद ठेवलं की खरं सांगते. का, ते मला सातवी पास माणसाला काय कळणार! पण असं आहे, एवढं कळतं. म्हणजे मागची साठ मीच मारली.

१८ जानेवारी

आचल जेवताना म्हणाली, "आबा, पंचवीसले नाई निघाले तर मी पुण्याले नोकरीवर जाते परत. सौमित्र बरोबरच म्हनत असंन. मले नाई जमत हे."

भाजी छान झाली, असं मी म्हणालो. भाजी छान झाली! तिच्या तोंडावर.

१९ जानेवारी, रविवार

सांगितलं.

ती मशीनच्या बोर्डासारखाच दुसरा बोर्ड टेबलावर घेऊन बसली होती. उभ्या उभ्याच बोललो. रोज सकाळी, पापणी लवते तेवढं, मागच्या खेपेलाही. थर्मामीटरचं, प्लगचं, सगळं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. टेबलावरचं बटन खाली-वर करायला लागली. खट-खट. खट-खट. सातव्या वेळी थांबली. उष्णता मोजणाऱ्या सेन्सरला बोट लावून पाहिलं.

"गरम हाये हा, आबा."

मग मला जवळ बसवून सांगितलं. मशिनीत वाफ असते, ती सेन्सरवर बसते. म्हणून सेन्सरच्या पोटात एक छोटा हीटर आहे. सकाळी तो थोडा वेळ लावून वाफ उडवायची. एखाद्या दिवशी मी नेमका त्याच वेळेला बटन दाबायचो. बोर्ड मरायचा आणि नव्यानं जागा व्हायचा. सेन्सर मात्र मरायचाच नाही. त्याला एवढीशी वीज पुरते, तारेत उरलेलीसुद्धा. त्याचा हीटर चालूच. बोर्डाला वाटे, सगळं नव्यानं सुरू झालं, हीटर बंदच असणार. सेन्सर स्वतःच्याच गरमीनं ३७.५ सांगायचा आणि बोर्ड बल्ब बंद करायचा.

तारेत उरलेली वीज! अरे देवा! मी विजेच्या लाइनवर नोकरी केली. वरून लाइन बंद झाली, तरी साखळी टाकून तार जमिनीला टेकवल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही — नव्या पोरांना हे मीच शिकवायचो. आणि घरात येऊन...

रडलो. आचल म्हणाली, "असू द्या, आबा. सापडलं ना."

२० जानेवारी

दहा मिनिटांत प्रोग्राम दुरुस्त केला पोरीनं! सेन्सरशी बोलणारा जो तुकडा असतो त्याला ती ड्रायव्हर म्हणते. आता मशीन चालू झालं की तो पहिल्यांदा बल्ब बंद ठेवतो. मग सेन्सरला सांगतो — आधीचं सगळं विसर. मग थांबतो. मग विचारतो, तू तोच ना? हीटर बंद आहे ना? पहिला आकडा आला की फेकून देतो. पुढचे तीन जुळले तरच बल्बाला हात. तोवर पाटी कोरी.

"आता दाबा किती दाबायचं ते," म्हणाली. भीत भीत वीस वेळा दाबलं. थर्मामीटर आणि पाटी दर वेळी सारखे.

२२ जानेवारी

अंडी फिरवणं बंद. आता नुसतं वाट पाहणं. झोप नाही.

२५ जानेवारी, शनिवार

त्रेचाळीस! पहिलं सकाळी सहाला टोचा मारून बाहेर. ओलं, कुरूप, ओरडणारं. दुपारपर्यंत नुसता चिवचिवाट!

दुर्गाबाई आल्या. आचलनं त्यांना माझ्यासमोरच सगळं सांगितलं — मशीन चांगलंच होतं, आबांचा हात जात होता. दुर्गाबाई पोट धरून हसल्या. "आबा, तुमचे हात बांधून ठेवा लागते बापा! साठ लेकरं खाल्ले तुमी माहे!" अनसूयाही हसली. लाज वाटली, पण कडू नाही. अकरा मशिनी पक्क्या झाल्या. सौमित्रलाही आचलनं फोनवर हेच कळवलं.

मोकळं वाटतं आहे. सांगितल्यानं इतकं हलकं होतं, तर इतके दिवस का जळलो!

२९ जानेवारी, बुधवार

सौमित्र आला. चहाला नाही म्हणाला. माझ्याजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "आबा, तुमी मनाले लावून घेऊ नका. तिनं मले नवा प्रोग्राम पाठवला. त्यातल्या सेन्सर तपासाच्या ओळी माह्याच हायेत, शब्दनशब्द. मी दिवाळीतच लिहिल्या होत्या. पाटी सात-आठ सेकंद कोरी राहते, बाया म्हनतीन मशीन बंद पडली, म्हणून तिनं काढल्या. चूक कोनाची ते तिले माहीत हाये. तुमी सांगितलं त्याच दिवशी माहीत झालं."

आचल दारात उभी होती. सगळं ऐकलं तिनं. मला वाटलं, नाही म्हणेल.

"आबा, तुमाले कोन काय म्हनते? हसून सोडून देते लोक. मले म्हटलं असतं, तर एक मशीन घेतली नसती कोनी."